कायोटीचं पाऊल कुठे पडणार?

सापळ्यातली दोन इंच व्यासाची पत्र्याची एक चकती. तिच्यावर कायोटीचा, म्हणजे अमेरिकेतल्या एका कोल्ह्यासारख्या जनावराचा, पुढचा पंजा पडायला हवा. इंचभर इकडेतिकडे झालं तर सापळा मिटणारच नाही, नाहीतर मिटेल तो नुसत्या बोटांच्या टोकांवर, आणि जनावर एक हिसडा मारून मोकळं होईल. ही चकती पुरायची आहे साडेसहाशे एकरांच्या कुरणात, आणि ते जनावर तिथून जाणार रात्री, कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात नोकरीला होतो तेव्हा आमच्या ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्यांनी मला हे गणित घातलं. फ्लिंट हिल्स म्हणून तिथे गवताळ टेकड्यांचा मोठा पट्टा आहे, त्यात त्यांचं कुरण. गुरं होती आणि शे-दीडशे मेंढ्या. मी मूळचा नारायणगावकडचा, उसात बिबट्या आणि शाळेच्या रस्त्यावर पिंजरा बघत मोठा झालेला. त्यामुळे म्हातारबुवा सापळे लावायला निघाले की मी शनिवारी मागे लागायचो.

आधी नावांचा घोळ मिटवू. इंग्रजीतल्या फॉक्सला कोल्हा म्हणायची आपल्याला शाळेपासूनची सवय. पण आपला कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड, माळरानावर बिळात राहणारं, झुपकेदार शेपटीचं, मांजरापेक्षा जरा मोठं जनावर. द्राक्षं आंबट म्हणणारा तोही मुळात खोकडच, भाषांतरात त्याचा कोल्हा झाला. कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणा, फक्त अंगाने जास्त. साधारण 9 ते 16 किलो. नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून आलेलं. खायला काहीही चालतं : उंदीर, ससे, मेलेली जनावरं, टोळ, पडलेली फळं, पिकलेली कलिंगडं. आणि जमलं तर कोकरू.

'जमलं तर' हे महत्त्वाचं आहे, कारण म्हातारबुवांचं काम सापळ्यापासून सुरू होत नसे. मेलेल्या कोकरापासून सुरू व्हायचं. पहिल्यांदा गेलो त्या दिवशी एक कोकरू मरून पडलं होतं, पोट फाडलेलं. मी म्हटलं, कायोटी. त्यांनी काही न बोलता खिशातून चाकू काढला, गळ्याची कातडी सोलली आणि मला वाकून बघायला लावलं. जबड्याच्या खाली दातांची भोकं होती आणि कातडीच्या आतल्या बाजूला रक्त साकळून जांभळं झालं होतं. जनावर जिवंत असताना चावा बसला तरच असं रक्त साकळतं. मेल्यावर कुणी लचके तोडले तर भोकं पडतात, पण आत डाग दिसत नाही. कायोटी गळा धरून गुदमरवतो. मोकाट कुत्री मागच्या मांड्या, कान, शेपटी जिथे सापडेल तिथे फाडतात आणि पुष्कळदा खातही नाहीत. दुसऱ्या एका कोकराच्या गळ्याखाली कातडी स्वच्छ निघाली. ते थंडीने मेलं होतं, कायोटी नंतर जेवून गेला होता. त्या कोकरासाठी सापळा लावला असता तर गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला झाली असती. हा पहिला धडा तिथल्या कृषी विस्तारवाल्यांनी शेतकऱ्यांना शिकवलेला. कॅन्ससने सरकारी शिकारी गावोगाव पाठवण्यापेक्षा विद्यापीठाच्या विस्तार सेवेतर्फे शेतकऱ्यालाच शिकवायचं धोरण घेतलं : नुकसान कुणी केलं ते ओळख, आणि त्यालाच पकड.

आता लोखंड. पाय धरणारा हा सापळा अमेरिकेत घरोघर पोचवला तो न्यूयॉर्क राज्यातल्या सूअल न्यूहाउस नावाच्या लोहाराने. एकोणिसाव्या शतकात तो ओनायडा कम्युनिटी नावाच्या एका पंथात सामील झाला. सगळी मालमत्ता सामाईक, लग्नबंधन नाही, असा तो पंथ, आणि त्यांचं पोट भरत होतं ते सापळ्यांच्या कारखान्यावर. पुढे त्याच मंडळींच्या कंपनीने काटे-चमचे काढले आणि त्यावर मोठं नाव कमावलं. असो.

सापळ्याची रचना साधी आहे. दोन अर्धगोल जबडे, दोन्ही बाजूंना स्प्रिंगा. जबडे उघडून आडवे पाडायचे, एका जबड्यावरून छोटी खिटी आणायची आणि तिचं टोक मधल्या चकतीच्या खाचेत अडकवायचं. चकती दबली की खिटी सुटते आणि स्प्रिंगा जबडे वर ढकलतात. आपल्या उंदराच्या चापाचंच तत्त्व, फक्त इथे मारायचं नसतं, धरून ठेवायचं असतं. कायोटीसाठी उघडा सापळा साडेपाच-सहा इंच रुंद. सिनेमातले ते करवतीसारखे दात आताच्या अशा सापळ्याला नसतात. उलट जबड्याच्या कडा जाड आणि गुळगुळीत करतात, म्हणजे दाब पसरतो आणि कातडी कापत नाही. चांगल्या सापळ्यात जबडे पूर्ण मिटल्यावरही मध्ये पाव इंच फट राहते. काहींना रबराच्या पट्ट्या असतात.

चकती किती वजनाला दबावी हेही स्क्रूने बसवता येतं. म्हातारबुवा ती किलो-दीड किलोच्या पुढे ठेवायचे, म्हणजे ससा किंवा खार वरून गेली तरी ती हलत नाही. तिथे तांबडं खोकड असतं, चार-पाच किलोंचं, हलक्या पावलाचं. ते नको असेल तर चकती आणखी कडक करायची. पण फार कडक केली की कायोटी पंजा टेकवतो, खाली काही हललंसं वाटतं आणि पाय उचलतो. मग त्या ठिकाणी तो पुन्हा येत नाही.

सापळ्याच्या खालून साखळी निघते. तिला दोन-तीन ठिकाणी भोवरकड्या असतात, गुरांच्या दाव्याला असते तशी गोल फिरणारी कडी. अडकलेलं जनावर फिरतं, लोळतं. साखळी फिरली नाही तर पाय पिळवटतो. या एका कडीवर जनावराचा पाय राहणार की जाणार हे ठरतं, असं म्हातारबुवा म्हणत आणि जुन्या सापळ्यांना स्वतः वेल्डिंग करून कड्या जोडत. साखळीचं दुसरं टोक जमिनीत दोन फूट ठोकलेल्या सळईला.

खरी कला मात्र जागा निवडण्यात आहे, आणि इथे मला त्यांच्यासोबत चालताना अर्धा दिवस गेला. साडेसहाशे एकर बघायचेच नाहीत. कायोटी मनाला येईल तसा भटकत नाही. आपण पायवाटेने जातो तसा तोही सोप्या वाटेने जातो : गुरांनी पाडलेली वाट, ट्रॅक्टरचा माग, शेततळ्याचा बांध, दोन टेकड्यांमधली खिंड, नांगरलेल्या रानाची कड. अशा दोन-तीन वाटा मिळतात तिथे तो थांबतो, मुततो, पंजांनी माती उकरतो, विष्ठा टाकतो. ती त्याच्या घराण्याची पाटी. म्हातारबुवांना तळ्याच्या बांधाच्या टोकाला तशी विष्ठा सापडली, उंदरांचे केस आणि बियांनी भरलेली. "हा इथला आहे," म्हणाले.

मग वारा. थंडीत तिथे वायव्येचा वारा जोरात असतो. वाट पूर्व-पश्चिम असेल तर सापळा वाटेच्या उत्तरेला, काही पावलं आत. म्हणजे वास वाटेवर येतो, जनावर वळतं आणि वास घेत वाऱ्याच्या तोंडाने चालत येतं. सापळा वाटेतच पुरला तर गुरं, माणसं, कुत्री सगळी त्यावरून जातात.

लावायची सगळ्यात प्रचलित पद्धत म्हणजे बिळाचा देखावा. कायोटी उरलेला घास पुरून ठेवतो आणि दुसऱ्याने पुरलेला चोरतो. तर कुणीतरी काहीतरी पुरून ठेवलंय असं त्याला वाटायला लावायचं. म्हातारबुवांनी ताडपत्रीचा तुकडा अंथरला, त्यावर गुडघे टेकले. गवताच्या एका ठोंबापुढे मनगट जाईल एवढं भोक तिरकं खणलं, वीतभर खोल. ठोंब मागे असला की कायोटी मागून येऊ शकत नाही, त्याला समोरूनच यावं लागतं. भोकात सडवलेल्या मांसाचा गोळा, वर थोडं गवत. ठोंबावर कायोटीच्या मुताचे चार थेंब. वासाचे हातमोजे वेगळे आणि सापळ्याचे वेगळे. सापळ्याला मांसाचा वास लागला तर कायोटी भोक सोडून सापळाच उकरायला बसतो.

सापळ्याची जागा भोकापासून वीतभर मागे, पण मधोमध नाही, दोन बोटं बाजूला. मी विचारलं, का? त्यांनी मलाच ओणवं व्हायला लावलं. हात टेकून भोकात डोकावलो, तेव्हा नाक भोकाच्या वर होतं आणि हात नाकाच्या दोन बाजूंना. कायोटीचंही तेच. नाक मध्ये, पंजे बाजूला. सापळा मधोमध पुरला तर तो दोन पंजांच्या मध्ये येणार.

मग थापीने सापळ्याच्या आकाराची उथळ जागा खणायची, त्यात सापळा बसवून चहूबाजूंनी माती ठासायची. दाबून बघायचं, कुठूनही डुगडुगता कामा नये. या ठासण्याला जितका वेळ गेला तितका बाकी कशालाच गेला नाही. चकतीखाली माती जाऊ नये म्हणून तिच्यावर मेणकागदाचा तुकडा. मग चाळणीने कोरडी माती, पाव इंच, बस्स. शेवटी त्यांनी एक वाळकी काडी आणि दोन खडे ठेवले, सहज पडल्यासारखे. कुठलंही जनावर खड्यावर पाय देत नाही, मऊ मातीवर देतं. तो मऊ मातीचा तुकडा नेमका चकतीवर होता.

थंडीत ओली माती रात्री गोठते आणि सापळा सिमेंटमध्ये गाडल्यासारखा होतो, म्हणून काही लोक मेण कालवलेली माती वापरतात. म्हातारबुवा धान्य कोठारातली जुनी कोरडी धूळ डबे भरून ठेवत. फुकट, आणि तिला वास जनावरांचाच.

आता कायदा. कॅन्ससमध्ये परवाना लागतो, प्रत्येक सापळ्यावर मालकाची ओळख सांगणारा बिल्ला लागतो आणि रोज एकदा सापळा बघून यावाच लागतो. सगळ्या राज्यांत असं नाही, काही ठिकाणी त्याहून बरीच सूट आहे. म्हातारबुवा उजाडताच निघायचे. अडकलेला कायोटी रात्रीतून थकून गप्प बसलेला असतो, माणूस दिसला की उसळतो. बंदुकीची एक गोळी, आणि ते पुढे. मला ते बघणं जमलं नाही, एकदा बघितलं आणि पुढच्या वेळी गाडीत बसून राहिलो. एकदा स्कंक अडकला होता, त्याच्या फवाऱ्याचा वास माझ्या जॅकेटला महिनाभर होता. एकदा शेजाऱ्याचा कुत्रा. त्याला दोघांनी मिळून सोडवलं, तीन दिवस लंगडला. कुणी काही बोललं नाही, पण म्हातारबुवांनी तो सापळा त्याच दिवशी उचलला.

वेदना होते की नाही, यावर तिथे अनेक वर्षं वाद आहे. होते, यात मला शंका नाही. किती होते हे सापळ्यावर आणि सकाळी लवकर जाण्यावर अवलंबून असतं. राज्यांच्या वन्यजीव खात्यांच्या संघटनेने 1990च्या दशकापासून सापळ्यांच्या चाचण्या घेऊन त्यांतले चांगले कोणते हे सांगायला सुरुवात केली. जखमा किती झाल्या हे तर बघतातच, शिवाय सापळा मिटला त्यातल्या किमान 60 टक्के वेळा जनावर धरून राहिलं पाहिजे अशीही अट आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये दातेरी जबड्यांचे सापळे 1958 सालीच बंद झाले होते. युरोपीय संघाने 1995पासून पाय धरणारे सापळे वापरायला बंदी घातली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि कोलोराडोने 1996 साली, कॅलिफोर्नियाने 1998 साली मतदान घेऊन त्यांच्यावर कडक निर्बंध आणले.

पण क्रूरतेइतकाच मोठा दुसरा एक प्रश्न आहे, आणि त्यावर मात्र कुणी फारसं भांडत नाही : सापळ्यात सापडतो कोण?

वर सांगितलेली सगळी युक्ती कुतूहलावर चालते. नवा वास आला, बघू या. आता विचार करा, या युक्तीला कोण भुलेल? ज्याला ते रान नवं आहे तो. पहिल्या थंडीत आईबापांपासून सुटून भटकणारं पोर, दुसऱ्याच्या हद्दीतून चाललेला वाटसरू. ज्या जोडीची ती हद्द आहे, तिला त्या वाटेवरचा प्रत्येक ठोंब माहीत असतो. काल नसलेलं भोक आज दिसलं की ती लांबून वळसा घालते. दक्षिण टेक्सासमध्ये गळ्यात रेडिओ पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात हेच दिसलं : कायोटी आपल्या हद्दीच्या आत कमी सापडतात, कडेला आणि बाहेर जास्त.

आणि कोकरं कोण मारतं? कॅलिफोर्नियात हॉपलंड इथे विद्यापीठाचं मेंढ्यांचं संशोधन केंद्र आहे. तिथे असेच पट्टे बांधून पाहिलं, तर मेंढ्या मारणारे जवळजवळ सगळे हद्दवाले, पिल्लं असलेले नर-मादी निघाले. भटकी पोरं उंदीर-सशांवर होती. वायोमिंगमध्ये तर संशोधकांनी नुसती बिळातली पिल्लं काढून पाहिली, आईबापांना हात लावला नाही. पूर्ण कुटुंब मारल्यावर कोकरं मरायची जितकी थांबली, जवळपास तितकीच एवढ्यानेही थांबली. भुकेली पिल्लं नसली की आईबाप उंदरांवर भागवतात.

म्हणजे शेतकरी वैतागून रानभर सापळे पेरतो, दहा कायोटी धरतो, त्यातले नऊ निर्दोष. दहावा मिळाला तर नशीब. आणि मिळाला तरी हद्द मोकळी झाली की काही आठवड्यांत नवी जोडी शिरते. ती आधीच्यापेक्षा चांगली की वाईट, कुणास ठाऊक.

अमेरिकेने हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलंय. 1931 साली कायदा करून शिकारी प्राणी मारायचं काम केंद्र सरकारने अंगावर घेतलं. विष, सापळे, पुढे विमानातून गोळ्या. 1975 साली कॅलिफोर्नियाच्या दोन संशोधकांनी गणित मांडलं, की दरवर्षी 75 टक्के कायोटी मारले तर त्यांचा नायनाट व्हायला पन्नासेक वर्षं लागतील. इतके मारणं कुणालाच जमलेलं नाही. लांडगे जवळजवळ संपले, कायोटी मात्र पश्चिमेच्या माळांवरून निघून सगळ्या खंडभर पसरले. 1999 साली एक न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सापडला, आणि खाली पनामापर्यंत त्यांचं बस्तान बसलंय.

हे ऐकताना मला राहून राहून आमच्याकडचा पिंजरा आठवत होता. त्याचं तंत्र वेगळं, पण गणित हेच. उसाच्या बांधाला लोखंडी पिंजरा, मागच्या कप्प्यात बकरी किंवा कोंबड्या, मधे खटक्याची फळी, वरून पडणारं दार. फळीवर पाय पडला की दार खाली. यात सापडतो तो त्या रात्री तिथून जाणारा बिबट्या. ज्याने माणसावर हल्ला केला तोच, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. 2001पासून जुन्नर भागात बिबटे धरून लांबच्या जंगलांत सोडायची मोठी मोहीम झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे हिशोब मांडला : त्याआधी जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, मोहिमेच्या काळात ते 17वर गेले. धरलेला, पिंजऱ्यात दात आणि नखं मोडून घेतलेला बिबट्या अनोळखी रानात सोडायचा, आणि इकडे त्याची हद्द मोकळी करून द्यायची. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांना पिंजरा नको असं सांगायला मी जाणार नाही, माझीही जीभ वळणार नाही. पण पिंजरा लागला की गावाला जो दिलासा मिळतो तो किती खरा, हा प्रश्न मला कॅन्ससमध्ये पडला, नारायणगावात असताना कधी पडला नव्हता.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर कुणी वर लिहिलेलं वाचून कुदळ उचलायचा. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दात सापळा लावणंही येतं. कोल्हा, खोकड, लांडगा, बिबट्या, सगळे संरक्षित. बिबट्याला पिंजरा लावायचा तर वनखात्यानेच, वरिष्ठांच्या परवानगीने. डुकरांसाठी मोटारसायकलच्या क्लच वायरचे फासे बांधतात, तोही गुन्हाच. त्या फाशात डुकराबरोबर बिबट्याही अडकतो, आणि कमरेला तार रुतलेल्या बिबट्याला सोडवणं ही काय चीज असते ते ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा.

मग मेंढ्या वाचवायच्या कशा? उत्तर जुनं आहे. आपले धनगर रात्री मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडतात आणि भोवती कुत्री सोडतात. अमेरिकेत 1970च्या दशकापासून लोकांनी युरोपातल्या मेंढपाळांकडून राखणदार कुत्री मागवली, पिरेनीज डोंगरातली पांढरीशुभ्र, वासराएवढी. कुणी गाढव ठेवतं, कुणी लामा. म्हातारबुवांकडेही शेवटी असा एक पांढरा कुत्रा आला. दिवसभर मेंढ्यांमध्ये झोपायचा, मला तर वाटलं आळशी आहे. रात्री त्याचं भुंकणं मैलभर ऐकू जायचं.

मी कॅन्सस सोडलं त्या हिवाळ्यात शेवटचं त्यांच्याकडे गेलो. सापळे कोठारात खिळ्यांना टांगलेले, कोरडे, मेण लावून ठेवलेले. विचारलं, यंदा लावले नाहीत? तळ्यापलीकडे एक जोडी राहते, म्हणाले. दोन वर्षं झाली, एका कोकराला हात लावलेला नाही आणि दुसऱ्या कायोटीला ती तिथे फिरकू देत नाही. संध्याकाळ झाली होती. पांढरा कुत्रा उठून बसला, तळ्यापलीकडून हुकी ऐकू आली, आधी एक, मग दुसरी. म्हातारबुवांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि कान देऊन मोजलं. दोनच होत्या. ते पुन्हा कॉफी प्यायला लागले.